भाड्याचं घर शोधायला निघण्याआधी

जाहिराती चाळायला बसण्याआधी एक आकडा कागदावर काढा: घरापायी महिन्याला एकूण किती जाणार. हातात येणाऱ्या पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडं असावं, हा ठोकताळा बहुतेकांना माहीत असतो. गफलत होते ती त्यात नुसतं भाडं धरल्यामुळे. वीज, पाणी, मेंटेनन्स, पार्किंग आणि रोजचं जाणं-येणं, सगळं मांडून बघा. दलालीसुद्धा मांडा. एका महिन्याचं भाडं दलालीत गेलं आणि वर्षभरात घर सोडलं, तर ते घर तुम्हाला सुमारे ८ टक्के महाग पडलं. दोन वर्षं राहिलात तर ४. करारात दरवर्षी १० टक्के वाढ असेल, तर तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा २१ टक्के जास्त भरावे लागतात. म्हणून वाढीचा प्रश्न पहिल्या फोनवरच विचारून टाका. डिपॉझिट, पहिलं भाडं, दलाली आणि सामानाचा टेम्पो हे सगळे पैसे बहुधा एकाच आठवड्यात निघतात. तेवढी रक्कम तयार नसताना घरं बघत फिरण्यात अर्थ नाही; आवडलेलं घर डोळ्यांदेखत दुसरा घेऊन जातो.

कागदपत्रांचं फार काही नाही. ओळखपत्र, मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नोकरीचं पत्र, जमल्यास आधीच्या घरमालकाचा फोन नंबर, एवढं मोबाइलमध्ये एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

मध्यम शहरात एक गोष्ट वेगळी असते. बरीच घरं जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. शेजाऱ्याच्या भाच्याला किंवा ऑफिसातल्या कोणाला तरी परस्पर दिली जातात. त्यामुळे जो भाग परवडेलसा वाटतो तिथे दोन-तीन संध्याकाळी पायी फिरा, फाटकावरच्या पाट्या वाचा, वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, ओळखीच्या प्रत्येकाला सांगून ठेवा. शहराच्या टोकाला भाडं उतरतं हे खरं, पण शेवटची बस किती वाजता सुटते ते आधी बघा. ती लवकर सुटत असेल, तर वाचलेलं भाडं रिक्षात जातं. कॉलेजांचे प्रवेश सुरू व्हायच्या आत शोध उरकला तर उत्तम. त्या दिवसांत घासाघीस करायला वावच राहत नाही.

घर बघायला जाताना मोजपट्टी, चार्जर आणि एक लिटरची रिकामी बाटली न्या. बाटली बघून मालक हसतील, हसू देत. नळ पूर्ण सोडून ती १० सेकंदांत भरली, तर मिनिटाला ६ लिटर पाणी येतंय. मग बाथरूमचा नळही सोडून पुन्हा मोजा. चार्जर प्रत्येक सॉकेटला लावून बघा. मोजपट्टीने दाराची रुंदी घ्या, नाहीतर फ्रिज जिन्यातच राहायचा. सिंकखाली, खिडक्यांच्या कडांना, कपाटांच्या मागे ओल शोधा. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तो का दिला, हे सरळ विचारा. वरच्या मजल्यावर छत तापतं आणि पश्चिमेच्या भिंती दुपारनंतर तापतात, तेव्हा असं घर सकाळी बघून ठरवू नका.

घर दोनदा बघा, त्यातलं एकदा कामाच्या दिवशी. मी एक घर रविवारी पाहून पसंत केलं होतं, अगदी शांत. सोमवारी राहायला गेलो आणि सकाळी आठला मागच्या वर्कशॉपमधला ग्राइंडर सुरू झाला. वर्षभर तोच माझा गजर!

घर न बघता टोकन द्यायचं नाही. ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या. वीजबिलावरचं किंवा मालमत्ता कराच्या पावतीवरचं नाव आणि समोरच्याचं ओळखपत्र जुळतंय का ते पडताळा. जुळत नसेल तर भाड्याने द्यायचा अधिकार कोणी दिला, ते लेखी मागा. करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: नोटीस किती दिवसांची, मुदतीआधी सोडल्यास काय कापणार, दुरुस्ती कोणाकडे, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत. ‘ते बघू आपण नंतर’ हे उत्तर धरायचं नाही. भाडं कमी होत नसेल तर दुसरं काही मागा, गळका नळ दुरुस्त करून द्या किंवा वाढ दोन वर्षांनी करा. रिकामं घर मालकालाही महागच पडतं, त्यामुळे एवढं बरेचदा मान्य होतं.

चावी मिळेल त्या दिवशी सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. भिंतीचे पोपडे, फुटकी फरशी, मीटरचं रीडिंग, सगळं त्यात आलं पाहिजे. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा म्हणजे तारखेवरून वाद राहणार नाही. आणि किल्ल्यांचे जोड किती आहेत, आधीच्या भाडेकरूकडचा जोड परत आला का, तेही विचारून घ्या. नसेल आला तर कुलूप बदलूनच आत जा.