नव्या जलवाहिनीचा नमुना घेण्यापूर्वी

गोव्यात पाणीपुरवठ्याच्या कामावर रुजू होणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी आणि निविदा हा क्रम ठाऊक असतोच. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य कायदा, 1985 मात्र त्याने मुळातून वाचावा, कारण आरोग्य यंत्रणेची देखरेख म्हणजे फाईलला जोडायचा आणखी एक कागद, असे समजणारे वरिष्ठही भेटतात.

मला अडवले ते पाण्याच्या नमुन्याने. नवी वाहिनी टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, द्रावणाने निर्जंतुक करून धुतल्यानंतरही पाण्यात थोडा क्लोरीन उरतो. म्हणून जिवाणू तपासणीची बाटली नुसती निर्जंतुक असून भागत नाही, तर तिच्यात हा क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट असावे लागते. ते नसेल, तर काणकोणहून किंवा सत्तरीहून नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतच जंतू मारत राहतो आणि सदोष वाहिनीचाही अहवाल निर्दोष येतो. ठेकेदाराने आणलेल्या साध्या बाटलीमुळे आमच्याकडे नेमके हेच घडले आणि घरगुती जोडण्या दिल्यावर कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जिवाणू, सापडले. बाटली साईटवर विसळू नये, कारण त्याने थायोसल्फेट निघून जाते. ती काठोकाठ भरू नये, आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. उर्वरित क्लोरीन मात्र जागेवरच, वेगळ्या भांड्यात घेतलेल्या पाण्यात मोजावा, कारण थायोसल्फेटच्या बाटलीत तो सापडणारच नाही. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात नसावा.

नमुना ठेकेदाराच्या माणसाकडे सोपवणारा अभियंता, माझ्या मते, सहीही त्याच्याकडेच सोपवतो. हे काम शिकायचे असेल, तर बड्या अधिकाऱ्यांच्या मागे फिरण्यापेक्षा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाकडे एक सकाळ बसावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत टीसीएलची ताकद घटते, त्यामुळे गोणीवरच्या आकड्यावर विसंबून द्रावण करू नये, हेही मला तिथेच कळले.

अहवाल सदोष आला म्हणून नोकरी जात नाही. वाहिनी पुन्हा क्लोरीनने भरावी, धुवावी आणि नवा नमुना घ्यावा, तोही टाकीजवळून नव्हे, तर वाहिनीच्या शेवटच्या टोकाकडून. तोवर वाडीवरचे लोक, पंच आणि कधी आमदारही जोडणीसाठी फोन करतील. त्यांना अहवालाची तारीख सांगावी, जोडणीची नव्हे.