छताच्या पट्टीचा खर्च टेप लावून कसा काढायचा

फोनवर सांगितलेल्या मापावर भाव द्यायचा नाही, हे मी जुळे सोलापुरातल्या एका हॉलमध्ये शिकले.

माझा दादा पीओपीचं, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचं, काम करतो. तो फर्मा, म्हणजे नक्षी काढायचा पत्रा, ओढतो. मी टेप धरते, वहीत मापं लिहिते आणि कोटेशन करते. पंधरा वर्षं झाली. तेव्हा मी नवीनच होते. गिऱ्हाईकानं फोनवर विचारलं, "अक्का, हॉल १६ बाय १२ आहे, कडेनं नुसती पट्टी मारायचीय, किती लागतंय?" मी चार भिंतींची बेरीज केली, ५६ फूट, त्याला भाव लावला आणि आकडा सांगून टाकला. दादा पहिल्या दिवशीच कामावरून आला आणि म्हणाला, "अगं, मधून बीम गेलीय." १२ फूट लांब, ९ इंच जाड, छताच्या खाली उतरलेली. पट्टी बीमच्या दोन्ही अंगांनी फिरवावी लागली. बारा आणि बारा चोवीस फूट वाढले, बीम भिंतीला टेकते तिथले दीड फूट कमी झाले. ५६ चे साडेअठ्ठ्याहत्तर झाले आणि चार कोपऱ्यांचे आठ. आकडा देऊन बसलो होतो, तो पाळला. वरची मजुरी आमच्या अंगावर आली.

तेव्हापासून मी एकही काम जागा बघितल्याशिवाय घेत नाही. तुम्हीही कुणाला बोलवण्याआधी घरात स्वतः टेप लावा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि मग समोरचा जो आकडा सांगेल तो तुम्हाला तपासता येतो.

पट्टी, कॉर्निस, मोल्डिंग, लोक काहीही म्हणोत, भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यावर ती बसते आणि तिचं माप रनिंग फुटात होतं, म्हणजे लांबीच्या फुटात. फॉल्स सिलिंगचं माप स्क्वेअर फुटात होतं. १६ बाय १२ चा हॉल लांबीनं ५६ फूट आणि क्षेत्रफळानं १९२ फूट. "फुटाला अमुक" असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठला फूट? या एका शब्दावरून शेवटच्या दिवशी झालेली भांडणं मी डोळ्यांनी बघितलीत, आणि त्यात माणसं वाईट नसतात, माप बोललेलं नसतं.

मापायला भिंतीच्या वरच्या कडेनं जा, जमिनीवरून मापू नका. खाली दार आहे, खिडकी आहे, वर पट्टी सलग जाते, म्हणून दारा-खिडक्यांचे फूट वजा करायचे नाहीत. वजा करायचं ते छतापर्यंत गेलेलं कपाट. कोपऱ्यात ६ फूट रुंद आणि २ फूट खोल कपाट असेल तर ८ फूट जातात. कपाटाच्या तोंडावरून पट्टी फिरवायची म्हटली तर ते ८ फूट परत येतात, पण मग कपाटाचं दार उघडताना पट्टीला घासतं का, ते आधी बघा. भिंतीच्या मधेच कॉलम पुढे आलेला असेल तर तो जितका पुढे त्याच्या दुप्पट धरा: ९ इंच पुढे असेल तर दीड फूट वाढला, शिवाय दोन आतले कोपरे आणि दोन बाहेरचे. प्रत्येक खोलीचं साधं चित्र काढा, प्रत्येक भिंतीचा आकडा त्याच भिंतीवर लिहा आणि कोपरे मोजून बाजूला लिहा. कोपरे वेगळे लिहायचं कारण असं, की कामातला सगळ्यात जास्त वेळ तिथं जातो. बाहेरच्या कोपऱ्याला पट्टी भिंतीपेक्षा लांब लागते, ती जितकी पुढे येते तितकी. आणि खोली गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, नसली तर ४५ अंशांची काप जुळत नाही, प्रत्येक कोपरा हातानं जमवावा लागतो. जुन्या पेठांतल्या घरांत गुण्यात असलेली खोली मला क्वचितच सापडली.

आता पट्टी कशाची, यावर भाव ठरतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चालते ती पीओपीची, आणि तीही दोन तऱ्हांची. एक जागेवर ओढलेली. पत्र्यात नक्षीचा छेद कापून फर्मा करतात, कोपऱ्यावर ओलं पीओपी थापतात आणि त्यावरून फर्मा ओढत नेतात. पुन्हा थापतात, पुन्हा ओढतात, नक्षी भरेपर्यंत. सांधा कुठंच येत नाही आणि भिंत वाकडी असली तरी पट्टी तिच्याबरोबर जाते. पण हात पाहिजे. पीओपी भिजवल्यावर पाव तासाच्या आत-बाहेर आवळतं, म्हणून एकानं कालवायचं आणि दुसऱ्यानं ओढायचं. एकट्याचं हे काम नाही. दुसरी तऱ्हा साच्यात ओतलेली, आत काथ्या घातलेली तयार पट्टी. ती आणून स्क्रू आणि पीओपीनं बसवतात, सांधे भरतात. लवकर होते, पण वाहतुकीत तुटते आणि वाकड्या भिंतीला मागून फट राहते.

पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची, पट्टी हलकी, ओलीला दाद न देणारी आणि महाग. थर्माकोलची स्वस्त, पण शिडीचा धक्का लागला तरी खड्डा पडतो. मी घरात लावू देत नाही. सागवानाची सुंदर दिसते, मात्र आपल्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि कोपरे उघडतात. तयार पट्ट्या बहुधा ८ फुटी येतात, म्हणून त्यांचा हिशोब फुटात करून थांबू नका, नगात करा. १२ बाय १० ची बेडरूम घ्या. दोन बाराच्या भिंतींना तीन नग, कारण एक मधून कापून चार-चार फूट दोन्हीकडे जातात. दोन दहाच्या भिंतींना आणखी तीन. हिशोबानं ६ झाले; मी ७ मागवते. एक कोपरा चुकीचा कापला गेला की दुकानात पुन्हा जावं लागतं, आणि पुढच्या लॉटची नक्षी किंवा पांढरा रंग जुळेलच असं नाही.

कधी कधी कुणी सोलापूर महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीची नक्षी मोबाईलवर दाखवतं आणि म्हणतं, असं करा. ती इमारत मलाही फार आवडते, महापालिकेत काम असलं की मी मान वर करून उभी राहते. पण तशा कामाला फुटाचा भाव लागत नाही, दिवसाची मजुरी लागते, आणि साधा १० फुटी फ्लॅट तेवढी नक्षी पेलत नाही. १० फूट उंचीच्या छताला बेडरूममध्ये ४ इंच आणि हॉलमध्ये ६ इंच, माझ्या डोळ्याला एवढं पुरतं.

आता तोच बीमचा हॉल आणि त्या घरातल्या दोन बेडरूम आमच्या सध्याच्या भावानं मांडून दाखवते. पहिली बेडरूम १२ बाय १०, म्हणजे ४४ फूट. दुसरी ११ बाय १०, ४२ फूट, त्यातून कपाटाचे ८ गेले, ३४. सगळं जागेवर ओढायचं.

हॉल, ६ इंची: साडेअठ्ठ्याहत्तरचे धरून ७९ फूट, ९० रुपयांनी ७,११०
दोन बेडरूम, ४ इंची: ७८ फूट, ५५ रुपयांनी ४,२९०
पट्टीचा रंग, प्रायमर आणि दोन हात: १५७ फूट, २० रुपयांनी ३,१४०
जुना रंग खरवडून टाचे मारणे (पीओपी धरावं म्हणून पृष्ठभाग खडबडीत करणे), एक दिवस: मिस्त्री ९००, हेल्पर ६००, मिळून १,५००
राडारोडा उचलायला टेम्पो: ८००

बेरीज १६,८४०. त्यावर दहा टक्के हाताशी, १,६८४. झाले १८,५२४.

भाव आमचे आहेत, तुमच्या भागातले तीन जणांना विचारून घाला. मांडणी मात्र हीच ठेवा. पट्टीचे पैसे वरच्या दोन ओळींत आहेत, ११,४००. बाकीचे सात हजार पट्टीच्या आजूबाजूचे. लोक अडकतात ते इथंच: "पट्टी अकरा हजार" एवढंच ऐकलेलं असतं, आणि रंगारी वेगळे पैसे मागतो तेव्हा आपल्याला फसवलं असं वाटतं. भाव विचारताना रंग धरून की रंगाशिवाय, हे विचारायचंच. नोंदणी असलेला ठेकेदार पक्कं बिल देणार असेल तर १८ टक्के जीएसटी वर येतो, तोही आधी बोलून घ्या.

जुना ऑइलपेंट किंवा डिस्टेंपर असेल तर खरवडण्याची ओळ गाळू नका. गुळगुळीत रंगावर पीओपी धरत नाही. वर्षभर बसल्यासारखं दिसतं आणि एक दिवस दोन-तीन फुटांचा तुकडा खाली येतो. एकाच खोलीचं काम असेल तर फुटाचा भाव चढा लागेल, त्यात लबाडी नाही. दोन माणसं, उभं राहायच्या घोड्या, टेम्पो, हे ४० फुटांनाही तेवढंच आणि १५० फुटांनाही तेवढंच. शेजाऱ्याचंही काम असेल तर दोघांनी एका वेळी काढा. पट्टीच्या मागे दिवे लपवायचे असतील तर वायरिंग पट्टीच्या आधी, आणि इलेक्ट्रिशियनची ओळ वेगळी.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी हे जरा सावकाश सांगते, कारण यात दरवर्षी कुणाचे तरी पैसे जातात. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. पारा चाळीसच्या वर, आणि गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो. तापला की पसरतो, रात्री आकसतो. खालची भिंत तेवढी हलत नाही. म्हणून शेवटच्या मजल्यावर स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यात आडवी चीर पडते, आणि पट्टी बसते ती नेमकी त्याच सांध्यावर. दोन्हीकडे घट्ट चिकटवलेली पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. आधी भिंतीच्या वरच्या कडेला केसासारखी चीर आहे का बघा. असेल तर पट्टी फक्त भिंतीला धरायची, छताच्या बाजूला बारीक खाच सोडायची. किंवा पीयूची पट्टी घेऊन वरचा सांधा ताणला जाणाऱ्या अॅक्रिलिक सीलंटनं भरायचा. गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा रंग मारला तर स्लॅब कमी तापतो. तो खर्च पट्टीच्या कोटेशनमध्ये कुणी लिहिणार नाही, तुम्हीच धरा.

ओल असेल तर थांबा. पीओपीला ओल चालत नाही, ते मऊ पडतं आणि भुगा होतो. गच्ची गळत असताना पट्टी मारून घ्यायला आलेल्यांना आम्ही परत पाठवतो. बाळीवेशीतल्या एका घराला माळवद होतं, म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर किलचनाच्या फळ्या आणि वर माती. तिथं पीओपी थेट धरणार नव्हतंच. सांगाडा करून खाली सिलिंग घ्यायचा खर्च पट्टीच्या कितीतरी पट होत होता. आजी म्हणाल्या, राहू दे गं पोरी. आम्ही तुळयांना तेलपाणी करून दिलं, आणि ती खोली फार छान दिसली.

पाण्याचं म्हणाल तर नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे कामाच्या आदल्या दिवशी दोन ड्रम भरून ठेवा. खारट बोअरचं पाणी वापरू देऊ नका; वाळल्यावर पट्टीवर पांढरी फुलं येतात आणि रंग सोलतो. टँकर मागवावा लागणार असेल तर तीही एक ओळ.

दिवाळीच्या आधीच्या महिन्यात कारागीर मिळत नाहीत, मिळाले तर घाईत असतात, आणि पावसाचा सप्टेंबर नुकताच गेलेला असल्यानं पट्टी वाळायला वेळ लागतो. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की काम काढा. हवा कोरडी असते आणि माणसं मोकळी. रंगाआधी पट्टीला हाताची पालथी बाजू लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे, अजून थांबा.

कोटेशन कागदावर घ्या: पट्टीची रुंदी, कुठल्या तऱ्हेची, फूट रनिंग, कोपरे भावात धरलेत का, बीम आणि कॉलम मोजलेत का, रंग कुणाचा, राडारोडा कुणाचा. पैसे आम्ही तीन हप्त्यांत घेतो: माल पडल्यावर, पट्टी पूर्ण झाल्यावर आणि रंग झाल्यावर. शेवटचा हप्ता देण्याआधी पुन्हा माप होतं. टेपचं एक टोक गिऱ्हाईक धरतं, एक मी. कोटेशनपेक्षा चार फूट कमी भरले तर चार फुटांचे पैसे कमी होतात.

जाताना दादा दोन गोष्टी घरात ठेवून जातो: पत्र्याचा फर्मा, आणि उरलेल्या रंगाचा छोटा डबा, वर रंगाचा नंबर लिहिलेला. पुढं कधी एसीच्या पाइपसाठी पट्टी फोडावी लागली तर तेवढाच तुकडा त्याच नक्षीत भरता येतो. दोन्ही पिशवीत घालून माळ्यावर ठेवा.