बीएमडब्ल्यू ई४६ एम३ ट्रॅकवर वळतच नव्हती: शेवटी पुढची चाकं रुंद केली (माझा अनुभव)

इंग्लंडमधल्या स्नेटर्टन रेस ट्रॅकच्या पहिल्याच उजव्या वळणावर, रिचेसला, स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी माझ्या बीएमडब्ल्यूचं नाक बाहेर सरकायचं. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड दोन ट्रॅक-डेमध्ये (स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवायचे दिवस) संपली.

पुढच्या टायरमधली हवा कमी केली, तर कड आणखी झिजली. मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) टाकला, तर वळणातून निघताना मागची बाजू सुटू लागली. अख्खा सीझन यात गेला.

कंपनीची मापं अशी: पुढे ८ इंच रुंद ईटी४७ रिमवर (ईटी म्हणजे ऑफसेट: गाडीला टेकणारा रिमचा भाग रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते) २२५/४५ टायर (रुंदी मिमीमध्ये / उंची रुंदीच्या टक्क्यांत), मागे ९ इंच ईटी२६ वर २५५/४०, सगळं १८ इंची. मागचं तसंच ठेवलं आणि पुढे ९ इंच ईटी३५ घेतली. रुंदी २५ मिमी वाढते, पण ऑफसेट १२ ने कमी, त्यामुळे रिमची आतली कड जवळपास जागेवरच राहते. वाढ सगळी बाहेरच्या बाजूला.

आधी जुना अँटी-रोल बार परत बसवला. मग कॅम्बर प्लेट लावून पुढे कॅम्बर उणे ३ अंश (चाकाचा माथा आत झुकलेला), आणि टो (वरून पाहता चाकांची दिशा) नव्याने सेट. (कॅम्बरआधी चाकं चढवून पाहिली होती, टायर फेंडरला घासला.) त्यानंतर पुढेही २५५/४०, व्यास जेमतेम दीड मिमी वाढतो, एबीएसची तक्रार नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून, सस्पेन्शन दाबून जागा तपासली. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळले, पहिल्या सेशननंतर पुन्हा.

रिचेसला आता नाक आत येतं. टायर सपाट झिजतोय.