शनीच्या छायाचित्रांत ढग कोणता आणि सावली कोणती, हे कसं ओळखावं

शनीच्या गोलावर गडद रेघ दिसली की ती ढगांच्या पट्ट्याची की कड्यांच्या सावलीची, इथे नवखी नजर हमखास फसते. मीही बराच काळ फसत होतो. त्यावर उपाय एकच, चित्र ठरावीक क्रमानं बघणं. उदाहरणं कॅसिनी यानाची घेतो, कारण ते जुलै २००४ ते सप्टेंबर २०१७ अशी तेरा वर्षं शनीभोवती फिरलं. त्याची साडेचार लाख छायाचित्रं नासाच्या संग्रहात कुणालाही मोफत पाहता येतात.

पहिली पायरी: सूर्य शोधा

ढग-सावली काही क्षण विसरा आणि उजेड कुठल्या बाजूनं येतोय ते बघा. गोलाची एक कडा लख्ख आणि रेखीव असते, तर दुसऱ्या बाजूला उजेड हळूहळू विरत रात्रीत जातो. रेखीव कडेच्या बाजूला सूर्य. खात्री करायची असेल तर कड्यांकडे बघा. ग्रहाच्या मागच्या बाजूला ती सुरीनं कापल्यासारखी एकदम संपलेली दिसतात. ती तुटलेली नसतात, तिथे शनीची स्वतःची सावली पडलेली असते आणि ती नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं चुकतं.

दुसरी पायरी: तारीख वाचा

शनीचा आस सुमारे २६.७ अंशांनी कललेला आहे आणि त्याचं वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं. त्यामुळे गोलावरच्या कड्यांच्या सावल्यांची जागा ऋतूप्रमाणे सरकते. २००४ मध्ये उत्तर गोलार्धात हिवाळा होता, म्हणजे सूर्य कड्यांच्या दक्षिणेला होता, म्हणून सावल्या उत्तरेला पसरलेल्या होत्या. ११ ऑगस्ट २००९ला विषुवदिन आला, सूर्य कड्यांच्या पातळीत आला आणि सगळी सावली विषुववृत्तावरच्या एका बारीक रेघेत मावली. मे २०१७ मध्ये उत्तरेचा उन्हाळा ऐन भरात होता, तेव्हा सावल्या दक्षिणेला. म्हणजे २०१६च्या चित्रात उत्तर गोलार्धावर गडद पट्टा दिसला, तर ती कड्यांची सावली असूच शकत नाही. निम्मे प्रश्न तारखेवरच सुटतात.

तिसरी पायरी: रेघांची ठेवण बघा

इथे वेळ द्या. चित्र मोठं करून रेघ इंच इंच तपासा. ढगांचे पट्टे अक्षवृत्तांना समांतर धावतात. त्यांच्या कडा मऊ असतात, कुठे नागमोडी, कुठे भोवऱ्यांनी कुरतडलेल्या. सावलीची कडा मात्र स्वच्छ. शनीवरून सूर्यबिंब आपल्याला दिसतं त्याच्या जेमतेम दशांश दिसतं, म्हणून सावल्या फारशा पसरट होत नाहीत. शिवाय विषुवदिन सोडला तर सावली कमानीसारखी वळते आणि अक्षवृत्तांना तिरकी छेदते. दुपारच्या भागात ती विषुववृत्ताच्या सर्वांत जवळ असते आणि दोन्ही बाजूंना ध्रुवाकडे झुकत जाते.

कमानींचा क्रमही ठरलेला असतो. शनीच्या मुख्य कड्यांना आतून बाहेर सी, बी आणि ए म्हणतात. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना आधी विरळ सी कड्याची फिकट सावली लागते. मग दाट बी कड्याचा जवळजवळ काळा पट्टा, नंतर बी आणि ए कड्यांमधल्या मोकळ्या जागेतून, म्हणजे कॅसिनी फटीतून, आलेल्या उजेडाची रेघ आणि शेवटी ए कड्याची सावली. ही उजळ रेघ सापडली की शंका उरत नाही.

एक सापळा मात्र आहे. कडी ग्रहाच्या पुढूनही जातात आणि त्यांच्या रेघाही गोलावरच दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे: खरं कडं गोलाच्या बाहेर आकाशातही पुढे जातं, सावली गोलाच्या कडेलाच संपते. आणखी एक: यान कड्यांच्या सूर्यप्रकाश न पडलेल्या बाजूला असेल तर दाट बी कडं काळं दिसतं आणि विरळ भाग उजळतात, अगदी फिल्मच्या निगेटिव्हसारखं. तेव्हा गोंधळू नका.

चौथी पायरी: दुसरं चित्र जोडीला घ्या

शनी साधारण साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे तासाभरात ३४ अंश. तासाच्या अंतरानं घेतलेली दोन चित्रं शेजारी ठेवा. ढगाचा ठिपका सरकलेला असेल, कड्यांची सावली जिथल्या तिथे.

कॅमेऱ्याचा फिल्टर, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारी काच, बदलूनही हीच परीक्षा होते. सावली सगळ्याच फिल्टरमध्ये गडद राहते, ढग मात्र रूप बदलतात. ८८९ नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये मिथेन वायू प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे गोल काळवंडतो, उंचावरचे ढग उजळतात आणि मिथेन नसलेली कडी झगमगतात. ७५० नॅनोमीटरला नजर खालच्या ढगांपर्यंत पोचते. एक काळजी घ्या: संकेतस्थळावरच्या कच्च्या चित्रांचा उजेड आपोआप ताणलेला असतो, म्हणून दोन चित्रांची उजळता थेट ताडून बघू नका. त्याच चित्रात शेजारच्या भागाशी तुलना करा.

पाचवी पायरी: ढगाची सावली मोजा

शनीचे ढग धुरकट थराखाली असतात, त्यामुळे ढगाची स्वतःची सावली क्वचितच दिसते. म्हणूनच ऑक्टोबर २००६ची दक्षिण ध्रुवाची चित्रं मला अमोल वाटतात. तिथल्या भोवऱ्याच्या डोळ्याभोवती ढगांची भिंत उभी आहे आणि तिची सावली आत पडलेली आहे. त्यावरून भिंतीची उंची ३० ते ७५ किलोमीटर निघाली.

हिशोब घरी करता येतो. कॅसिनीच्या लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्यात दहा लाख किलोमीटरवरून एक पिक्सेल सुमारे ६ किलोमीटरचा असतो, पाच लाखांवरून ३ किलोमीटरचा. पाच लाखांवरच्या चित्रात सावली दहा पिक्सेल असेल तर लांबी ३० किलोमीटर. तिला सूर्याच्या क्षितिजावरील उंचीच्या टॅनजंटनं गुणा. सूर्य ४५ अंशांवर असेल तर ढग ३० किलोमीटर उंच, १५ अंशांवर असेल तर जेमतेम ८. यान ढगाच्या डोक्यावरून बघत नसेल तर सावली आखूड दिसते, तेव्हा तिरकी चित्रं मोजायला घेऊ नका.

सरावाला २००४-०५ची उत्तर गोलार्धाची रंगीत चित्रं घ्या. हिवाळ्यामुळे तिथला धुरकट थर विरळ होता आणि शनीचा तो भाग चक्क निळा दिसतो. नोव्हेंबर २००४च्या एका चित्रात मायमस हा छोटा चंद्र त्या निळाईपुढून जाताना टिपलाय. त्याच्या मागच्या तिरक्या गडद कमानी बघा, आणि त्यांतली कॅसिनी फटीची उजळ रेघ शोधून काढा.