द्रावण पातळ करताना या चुका टाळा

सूत्र सहसा कुणाचं चुकत नाही. आधीची संहती (द्रावणाचा दाटपणा) गुणिले आधीचं आकारमान बरोबर नंतरची संहती गुणिले नंतरचं आकारमान, हे अकरावीच्या पोरालाही पाठ असतं. घोळ होतो तो ‘नंतरचं आकारमान’ घेताना. 2 मोलरच्या (लिटरमागे 2 मोल) 50 मिली द्रावणात 150 मिली पाणी घातलं, तर भागायचं 200 ने, उत्तर 0.5 मोलर. नुसत्या ओतलेल्या पाण्याने भागलं की 0.67 येतं, आणि आकडा बघून शंकाही येत नाही. ‘एकास दहा’ हेही असंच फसवं: एका भागात नऊ भाग पाणी की दहा, हे आधी विचारून घ्या.

दुसरी चूक बाटलीच्या लेबलपाशी होते. 37 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणजे 100 ग्रॅममध्ये 37 ग्रॅम, 100 मिलीमध्ये नव्हे. घनता 1.18 धरली की ते साधारण 12 मोलर भरतं आणि 1 लिटर 0.1 मोलरसाठी 8.3 मिली पुरतं. घनता विसरलात तर हिशेब 9.9 मिली सांगतो. लेबलवर 35 टक्के असेल तर मात्र 8.8 मिली घ्या. आम्ल पाण्यात सोडायचं, उलट कधीच नाही.

फ्लास्कच्या मानेवरच्या मार्कपर्यंत (खुणेपर्यंत) भरायची घाई नको, आधी द्रावण निवू द्या. आपल्याकडच्या फ्लास्कवर बहुधा 27 अंश लिहिलेलं असतं, म्हणजे मार्कचं माप त्या तापमानाला बरोबर. परभणी-लातूरकडच्या मे महिन्यात 40 अंशांच्या खोलीत भरलेलं द्रावण 27 ला आल्यावर आकसतं, संहती जवळपास 0.4 टक्के वाढते. सकाळी लवकर बनवलेलं बरं.

मार्कच्या वर गेलं म्हणून ड्रॉपरने जास्तीचं काढून टाकणं निव्वळ फुकट! पाण्याबरोबर आम्लही बाहेर येतं, संहती आहे तेवढीच राहते. ओतून द्या, नव्याने करा.

बोअरचं पाणी तर नकोच. त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर नायट्रेट लगेच दुधाळ होतं, बायकार्बोनेट थोडं आम्ल खाऊन टाकतं. ऊर्ध्वपातित पाणीच वापरा.

संशय असेल तर 0.1 नॉर्मल (म्हणजे 0.05 मोलर) सोडियम कार्बोनेटचे 10 मिली घेऊन, रंगाने शेवट दाखवणारं मिथाइल ऑरेंज टाकून टायट्रेशन करा, म्हणजे बनवलेलं 0.1 मोलर आम्ल ब्युरेटमधून (खुणांच्या तोटीच्या नळीतून) रंग बदलेपर्यंत सोडा. ब्युरेट 8.5 मिलीच्या आसपास थांबली तर घनता विसरलेली आहे. 10 च्या पुढे गेली तर जुन्या बाटलीतला वायू उडून आम्ल उतरलेलं असेल, नाहीतर पाणी जास्त झालं असेल.