आधी परवानगी, मग पाना: सीमाभागात मॉडिफाय केलेली गाडी कायदेशीर कशी करावी

सीमाभागात गाडीवर जीव असणाऱ्यांची कमी नाही. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर हवा तो पार्ट बनवून मिळतो, आणि जुनी जीप नव्यासारखी करून देणारे मेस्त्री निपाणीपासून खानापूरपर्यंत सापडतात. काम उत्तम होतं. अडतं ते पासिंगला, कारण बहुतेक जण गाडी आधी कापतात आणि आरटीओत नंतर जातात. हा क्रम बदलला तर पुढचा बराचसा त्रास आणि खर्च वाचतो.

आधी आरसी समोर घेऊन बसा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं गाडीची जी माहिती ठरवून दिली आहे, तिच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२ए आलं. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हा दंड गाडीमागे नाही, प्रत्येक बदलामागे आहे. त्यामुळे एकाच गाडीत तीन-चार गोष्टी बदलल्या असतील तर हिशोब वाढत जातो.

म्हणून मेस्त्रीकडं जाण्याआधी करायच्या कामांची यादी कागदावर लिहा आणि प्रत्येक काम आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या दाखल्यावरच्या, माहितीशी ताडून बघा. चेसिस कापणं किंवा लांबवणं, छप्पर काढून टाकणं, दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवणं, आरसीपेक्षा जास्त सीट टाकणं, ही कामं यादीतून खोडून टाका. त्यांना परवानगी मिळत नाही, आणि 'मी करून देतो' म्हणणाऱ्या एजंटावर विसंबू नका. पुढचा बुलबारही, म्हणजे बंपरपुढं लावतात तो लोखंडी दांडा, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदा ठरवला आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड पार व्हायलाच हवा. वेगवेगळ्या सुरांत वाजणारे हॉर्न चालत नाहीत. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम असल्या गोष्टींना आरटीओत जावं लागत नाही.

मधे उरतात ती परवानगी आणि नोंद घेऊन करायची कामं: त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवणं, रंग बदलणं, सीएनजी-एलपीजी किट, इलेक्ट्रिक किट, आणि दिव्यांग चालकासाठी गाडीत केलेले बदल.

घरी बनवलेली गाडी

इथं जरा थांबतो, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर कुणाला आवडत नाही. भंगारातले पार्ट जोडून घरी बनवलेल्या एकट्यादुकट्या गाडीला आपल्या देशात नंबर मिळण्याचा व्यवहारात शक्य असा मार्ग नाही.

कारण सोपं आहे. नव्या गाडीच्या नोंदणीला नमुना २० च्या अर्जासोबत विक्रीचा दाखला म्हणजे नमुना २१, आणि गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा उत्पादकाचा दाखला, नमुना २२, लागतो. उत्पादकाला तो द्यायचा तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. या संस्था आपल्यापासून फार लांब नाहीत. पुण्यात कोथरूडला एआरएआय, भोसरीला सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई. अडचण अंतराची नाहीच. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, १ एप्रिल २०२० पासून लागू झालेलं बीएस-६ प्रदूषण मानक, हे सगळं पार करायचं. शिवाय १ ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्येक कारच्या मॉडेलला समोरून आणि बाजूनं धडकेची चाचणी आहे. ज्याच्याकडं एकच गाडी आहे, त्यानं ती फोडायला कशी द्यायची? खर्चही लाखांत जातो. ही व्यवस्था कारखान्यासाठी आहे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं अशीच, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण ती नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या अधिकारी थांबवतील, असंही लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात त्या कुटुंबानं बोलेरो घेतली. एवढी कदर झालेल्या गाडीलाही नंबरचा रस्ता नव्हता. ब्रिटनमध्ये एकेक गाडी तपासून मान्यता देण्याची पद्धत आहे. तशी ती आपल्याकडं यावी असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या भागातली हाताची कला खरोखर मोठी आहे.

तोवर अशी गाडी स्वतःच्या शेतात, आवारात चालवा. गावातला रस्ताही सार्वजनिकच असतो. तिथं विम्याशिवाय कुणाला धडक बसली तर भरपाई थेट तुमच्यावर येते. इंजिनिअरिंगच्या मुलांनी बाहा एसएईसारख्या, स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धांची वाट धरावी. त्या गाड्या बंद ट्रॅकवर धावतात आणि केलेलं काम कामी येतं.

गॅस आणि इलेक्ट्रिक किट

किट घेताना भाव नंतर विचारा. ते तुमच्या मेक, मॉडेल आणि इंजिनसाठी मंजूर आहे का, ते आधी विचारा आणि मंजुरीच्या कागदाची प्रत मागा. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना बाहेरून सीएनजी-एलपीजी किट बसवायला ऑगस्ट २०२२ मध्ये मुभा मिळाली, वजनाची मर्यादा साडेतीन टन. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करावी लागते. त्याची तारीख प्लेटवर वाचून ठेवा. जुन्या गाडीत वापरलेला सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका, तो मागच्या सीटवर बसणाऱ्या पोरांच्या पाठीशी असणार आहे. इलेक्ट्रिक किटला एआयएस-१२३ मानकाची मंजुरी लागते. गावातल्या वायरमननं जोडलेली बॅटरी आणि मोटर, कितीही छान चालली तरी, आरसीवर चढत नाही.

अर्ज, तपासणी, नोंद

परिवहन पोर्टलवर 'वाहन' सेवेत गाडीतल्या बदलाचा अर्ज भरता येतो. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तेव्हा जुना नंबर बंद असेल तर आधी तो बदलून घ्या. आरसी, विमा, पीयूसी, किटच्या मंजुरीची प्रत, बसवणाऱ्या केंद्राचा दाखला आणि बिलं जोडा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी हातात घ्या. परवानगी मिळाल्यावरच काम सुरू करा आणि काम झाल्यापासून १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंद करून घ्या.

तपासणीला गाडी धुऊन न्या, विशेषतः चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असलेली जागा. गंज किंवा रंगाखाली नंबर वाचता आला नाही तर इन्स्पेक्टरला संशय येतो आणि तो रास्त आहे, चोरीच्या गाड्या अशाच पकडल्या जातात. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या बाजारातून नटवलेली जीप घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे दोन्ही नंबर आरसीशी जुळवा.

हद्दीपलीकडची गाडी

आपल्याकडं एमएच-०९ म्हणजे कोल्हापूरची गाडी घेऊन केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) च्या गावात राहणारे पुष्कळ आहेत. कोगनोळीचा सीमानाका ओलांडून रोज ये-जा असते, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूरच्या आरटीओतून नमुना २८ वर ना-हरकत दाखला आणि इथल्या, कर्नाटकातल्या आरटीओत नमुना २७ वर अर्ज, शिवाय कर्नाटकाचा कर. माझा सल्ला असा की गाडी मूळ स्थितीत इकडं आणून नंबर घ्यावा आणि मग बदलाला हात लावावा. दोन राज्यांच्या कागदांत मधेच इंधन किंवा इंजिन नंबर बदलला, तर कुठलं कार्यालय काय दुरुस्त करणार यात महिने जातात.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर तिच्यासाठी २०२१ पासून वेगळे व्हिंटेज नियम आहेत. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षांची असते. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल केलेली गाडी यात बसत नाही. आजोबांची जुनी गाडी असेल तर तिचे मूळ पार्ट विकू नका.

नोंद झाली की नव्या आरसीची प्रत विमा कंपनीला पाठवा आणि पॉलिसीत बदल चढवून घ्या. हे राहिलं तर अपघातानंतर दावा नाकारायला तेवढं पुरतं. मंजुरीचे कागद आणि बिलं एका फाइलमध्ये गाडीतच ठेवा. गोव्याला किंवा कोल्हापूरला जाताना नाक्यावर विचारणा झालीच तर पाच मिनिटांत मोकळे व्हाल.