काळा घोडा महोत्सव: सोमवार ते शुक्रवारमध्येच जा

मुंबईतला काळा घोडा कला महोत्सव जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. नऊ दिवस, शनिवारी सुरू होऊन पुढच्या रविवारी संपतो. प्रवेश मोफत, त्यामुळे दोन्ही शनिवार-रविवारी संध्याकाळी रॅम्पार्ट रो या रस्त्यावर मुंगीलाही वाट मिळत नाही. मांडणशिल्पासमोर लोक फोटोसाठी खोळंबलेले, आणि शेजारी लावलेली त्याची माहिती वाचायला मिळणं मुश्कील. शक्य असेल तर मधल्या वारी दुपारीच पोहोचा.

गाडी नेऊ नका. आता मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्थानक अगदी जवळ आहे. चर्चगेट आणि सीएसएमटीहूनही चालत जाता येतं.

मुलांच्या कार्यशाळा आणि वारसा फेऱ्यांच्या जागा मोजक्याच असतात, म्हणून कार्यक्रमपत्रिका जाहीर झाली की लगेच नावनोंदणी करा. आणि एक मनापासून सांगते, फक्त रस्त्यावरच्या स्टॉलवर फिरून परतू नका. डेव्हिड ससून वाचनालयाच्या मागच्या बागेत साहित्याचे कार्यक्रम होतात. झाडांखाली बसून लेखकांना इतक्या जवळून ऐकायला मिळणं या शहरात दुर्मीळच. तिथे अर्धा तास आधी जाऊन खुर्ची धरा.